प्रादेशिक महाविद्यालय ते राष्ट्रीय संस्था : एनआयटींची घडण आणि कारभार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बारावीच्या निकालाच्या आगेमागे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांविषयी (एनआयटींविषयी) जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ही प्रवेशाची माहितीपुस्तिका नव्हे. प्रवेशाचे बारीकसारीक नियम दरवर्षी थोडेफार बदलतात आणि त्यांच्यासाठी त्या त्या वर्षीची अधिकृत पुस्तिकाच प्रमाण मानावी. मात्र या संस्था कोणी, कशासाठी काढल्या आणि आज त्या कोणाच्या अखत्यारीत आहेत हे एकदा नीट समजले की, विचित्र वाटणाऱ्या बऱ्याच नियमांचा उलगडा होतो. बहुतेक गोंधळ राज्याचे नियम केंद्राच्या संस्थेला लावल्याने होतो.

१. एनआयटी म्हणजे नेमके काय? ते महाविद्यालय आहे की विद्यापीठ?

रूढ अर्थाने ती दोन्ही नाहीत. महाविद्यालय एखाद्या विद्यापीठाला संलग्न असते आणि पदवी विद्यापीठ देते. एनआयटी कोणालाही संलग्न नाही आणि पदवी स्वतःच देते. विद्यापीठाच्या पंखाखाली बहुधा अनेक महाविद्यालये असतात. एनआयटीच्या पंखाखाली एकही नसते. संसदेने स्वतंत्र कायदा करून तिला ‘राष्ट्रीय महत्त्वाची संस्था’ ठरवले आहे आणि पदवी देण्याचा अधिकार त्या कायद्यातूनच आला आहे. बोलताना आपण तिला कॉलेजच म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही. अर्ज भरताना मात्र ‘संलग्न विद्यापीठाचे नाव’ या रकान्यात संस्थेचेच नाव लिहावे लागते.

२. व्हीआरसीई, व्हीएनआयटी आणि एनआयटी ही तीन वेगळी कॉलेजे आहेत का?

नाही. १९६० च्या जूनमध्ये, म्हणजे महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यानंतर महिनाभरातच, नागपुरात विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. तेच व्हीआरसीई. पुढे राष्ट्रीय दर्जा मिळाल्यावर ते विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे व्हीएनआयटी, झाले. एनआयटी हे देशभरातील अशा सगळ्या संस्थांचे सामाईक नाव आहे. नागपूरकर मात्र नुसते ‘एनआयटी’ म्हणतात तेव्हा बहुधा नागपूर सुधार प्रन्यासाबद्दल बोलत असतात. तिथे रिक्षावाल्याला व्हीएनआयटी असेच सांगावे. जुन्या पिढीतला असेल तर व्हीआरसीई म्हटलेलेही त्याला कळते.

ज्यांच्या नावाने ही संस्था आहे त्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा जन्म कर्नाटकातला, पण अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे आणि नोकरीची सुरुवात मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातली. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे प्रसिद्ध आहेत. नागपूरची निवड झाली तेव्हा त्यांच्या वयाची शंभरी जवळ आली होती.

३. प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यामागे हेतू काय होता?

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत (१९५६ ते १९६१) धरणे, पोलाद कारखाने आणि वीजप्रकल्प एकाच वेळी हाती घेतले गेले आणि त्यांना पुरतील इतके अभियंते देशात नव्हते. आयआयटी मोजक्याच होत्या. राज्यांची महाविद्यालये आपापल्या राज्यापुरते पाहत. म्हणून केंद्र आणि राज्य यांनी भागीदारीत महाविद्यालये काढावीत, निम्मे विद्यार्थी त्या राज्याचे आणि निम्मे इतर राज्यांचे घ्यावेत, अशी योजना ठरली. वरंगळच्या महाविद्यालयाची पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते १० ऑक्टोबर १९५९ रोजी झाली. १९६० आणि १९६१ या दोन वर्षांत नागपूर, दुर्गापूर, जमशेदपूर, भोपाळ, सुरतकल, श्रीनगर, अलाहाबाद, सुरत, कालिकत आणि राउरकेला येथे महाविद्यालये सुरू झाली. जयपूर, कुरुक्षेत्र, तिरुचिरापल्ली आणि सिल्चर नंतर आली. हमीरपूर आणि जालंधर तर थेट १९८० च्या दशकात. अशी एकूण १७ झाली.

निम्म्या जागा बाहेरच्या राज्यांना देण्याची ही अट नीट लक्षात ठेवावी. आज ज्या ‘होम स्टेट’ नियमावरून पालकांची झोप उडते (प्रश्न १५), त्याचे मूळ इथे आहे.

४. त्या काळात खर्च कोण करीत असे आणि कारभार कोणाच्या हाती होता?

इमारती, यंत्रसामग्री यांसारखा अनावर्ती खर्च केंद्र देई. पदवी अभ्यासक्रमाचा दरवर्षीचा चालू खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलत. पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा खर्च पूर्णपणे केंद्राकडे होता. महाविद्यालय चालवण्यासाठी एक नोंदणीकृत सोसायटी आणि तिचे नियामक मंडळ असे. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी मात्र स्थानिक विद्यापीठाची. नागपूरचे महाविद्यालय नागपूर विद्यापीठाला संलग्न होते.

म्हणजे पैसा दोघांचा, व्यवस्थापन तिसऱ्याचे आणि अभ्यासक्रम चौथ्याचा. एखादा नवा विषय शिकवायचा तर शिक्षकांची तयारी असूनही विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची वाट पाहावी लागे. राज्याचा वाटा वेळेवर आला नाही की प्रयोगशाळेतल्या खरेदीपासून सगळे अडे. ही घडण चाळीसेक वर्षे कशीबशी चालली आणि तिने अभियंतेही चांगले दिले, पण ती अडचणीचीच होती हे मान्य केले पाहिजे.

५. ‘राष्ट्रीय’ दर्जा २००२ साली मिळाला की २००७ साली? दोन्ही तारखा वाचायला मिळतात.

दोन्ही तारखा खऱ्या आहेत, कारण बदल दोन पायऱ्यांत झाला.

१९९६ मध्ये केंद्राने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली एक उच्चाधिकार आढावा समिती नेमली आणि तिने १९९८ मध्ये अहवाल दिला. या महाविद्यालयांना विद्यापीठाच्या संलग्नतेतून मोकळे करून शैक्षणिक स्वायत्तता द्यावी, हा त्या अहवालाचा गाभा होता. त्यानुसार २००२ आणि २००३ या काळात १७ महाविद्यालयांचे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत रूपांतर झाले, त्यांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि त्या पूर्णपणे केंद्राच्या निधीवर आल्या. नागपूरच्या संस्थेला हा दर्जा २६ जून २००२ पासून मिळाला. ही पहिली पायरी.

अभिमत विद्यापीठ हा दर्जा सरकारी अधिसूचनेने मिळतो. त्याला स्वतंत्र कायद्याचे पाठबळ नसते आणि प्रत्येक संस्थेची सोसायटी वेगळीच राहते. म्हणून संसदेने राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था अधिनियम, २००७ मंजूर केला. त्याला ५ जून २००७ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो १५ ऑगस्ट २००७ पासून लागू झाला. जुन्या सोसायट्यांची मालमत्ता, देणी आणि कर्मचारी कायद्याने निर्माण झालेल्या नव्या संस्थांकडे गेले. ही दुसरी पायरी.

नावात ‘राष्ट्रीय’ आले ते पहिल्या पायरीवर आणि कायद्याने राष्ट्रीय महत्त्व मिळाले ते दुसऱ्या. कोणी वर्ष विचारले तर आधी नेमके काय विचारले आहे ते पाहावे.

६. एकूण एनआयटी किती आहेत आणि महाराष्ट्रात एकच का?

एकूण ३१ आहेत. मूळच्या १७ मध्ये २००४ ते २००६ या काळात पाटणा, रायपूर आणि आगरतळा येथील जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची भर पडली. २०१० मध्ये गोवा, दिल्ली, पुदुच्चेरी, उत्तराखंड, सिक्कीम, अरुणाचल प्रदेश, मणिपूर, मेघालय, मिझोराम आणि नागालँड अशा दहा ठिकाणी नव्या संस्था निघाल्या. राज्यविभाजनानंतर २०१५ मध्ये आंध्र प्रदेशातील ताडेपल्लीगुडेम येथे एकतिसावी सुरू झाली.

मोठ्या राज्याला साधारणपणे एक, असेच धोरण राहिले आहे. दुसरी संस्था हवी तर राज्य शासनाचा ठराव पुरेसा नाही, कारण संस्थांची यादी कायद्याच्या अनुसूचीत आहे आणि तिच्यात नाव घालण्यासाठी संसदेला दुरुस्ती करावी लागते. आंध्रची संस्था प्रत्यक्ष सुरू झाली २०१५ मध्ये, पण अनुसूचीत तिचे नाव आले २०१६ च्या दुरुस्तीने.

एक अपवाद अनेकांना ठाऊक नसतो. हाच कायदा केवळ एनआयटींना लागू नाही. २०१२ च्या दुरुस्तीने विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे आयसर, या कायद्याखाली आल्या. त्यामुळे पुण्याची आयसर आणि नागपूरची व्हीएनआयटी या कायद्याच्या दृष्टीने चुलत भावंडे आहेत. २०१४ च्या दुरुस्तीने पश्चिम बंगालमधील शिबपूरची जुनी अभियांत्रिकी संस्थाही यात आली, पण तिच्या नावात एनआयटी नाही.

७. आयआयटी, ट्रिपल आयटी, सीओईपी, व्हीजेटीआय यांच्यापेक्षा एनआयटी कशी वेगळी?

फरक दर्जाचा समजला जातो. मुळात तो कायद्याचा आहे. आयआयटींचा कायदा १९६१ चा आणि स्वतंत्र आहे. तिथल्या पदवी प्रवेशासाठी जेईई ॲडव्हान्स्ड द्यावी लागते. नागपूर आणि पुणे येथील ट्रिपल आयटी (भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था) केंद्र, राज्य आणि उद्योग यांच्या भागीदारीतून निघाल्या. पुण्याचे सीओईपी, म्हणजे अभियांत्रिकी महाविद्यालय, १८५४ पासूनचे, म्हणजे सगळ्यांत वडीलधारे, पण ते राज्याचे. २०२२ मध्ये ते राज्य कायद्यानेच तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. १८८७ ची मुंबईची व्हीजेटीआयदेखील राज्याच्या अखत्यारीत आहे. या दोन्ही ठिकाणचा प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेतून होतो आणि आरक्षणही राज्याचे लागते. ‘एनआयटी मोठी की सीओईपी’ या प्रश्नाला येथे उत्तर दिलेले नाही, कारण ते शाखेगणिक बदलते आणि त्यावरून घरोघरी आधीच पुरेसे वाद झालेले असतात.

८. एनआयटीचे कुलगुरू कोण असतात? संस्थेचा सर्वोच्च अधिकारी कोण?

कुलगुरू हे पदच तिथे नाही आणि राज्यपाल तिचे कुलपती नसतात. उतरंड अशी आहे.

सर्वांत वर भारताचे राष्ट्रपती. कायद्यात त्यांना ‘व्हिजिटर’ म्हटले आहे. ते संस्थेच्या कामाचा आढावा घेण्यासाठी किंवा चौकशीसाठी माणसे नेमू शकतात. सर्व एनआयटींसाठी मिळून एक परिषद असते आणि केंद्रात तंत्रशिक्षणाचे खाते ज्यांच्याकडे असेल ते मंत्री, म्हणजे आज शिक्षणमंत्री, तिचे अध्यक्ष असतात. सगळ्या संस्थांचे अध्यक्ष व संचालक तिच्यात असतात, तसेच लोकसभेचे दोन व राज्यसभेचा एक सदस्यही. संस्थांमध्ये मेळ राखणे हे या परिषदेचे काम. एखाद्या विद्यार्थ्याच्या निकालात ती लक्ष घालत नाही.

प्रत्यक्ष सत्ता प्रत्येक संस्थेच्या नियामक मंडळाकडे असते. त्याचे अध्यक्ष व्हिजिटरने नेमलेले असतात. मंडळावर पदसिद्ध संचालक, केंद्राचे सहसचिव किंवा त्यावरील दर्जाचे दोन प्रतिनिधी, राज्य शासनाने नेमलेले दोन तंत्रज्ञ किंवा उद्योजक, परिषदेने नेमलेले दोन जाणकार (त्यांत किमान एक महिला), आणि सिनेटने पाठवलेले एक प्राध्यापक व एक सहायक प्राध्यापक किंवा अधिव्याख्याता असतात. निवडणूक कुठेही नाही. पदे निर्माण करणे, नेमणुका, अंदाजपत्रक आणि बांधकाम यांचे निर्णय येथे होतात. वित्त समिती आणि बांधकाम समिती त्यांची छाननी करून देतात.

रोजचा कारभार पाहणारे सर्वोच्च अधिकारी संचालक असतात. त्यांची नेमणूक निवड समितीच्या शिफारशीवरून व्हिजिटर करतात आणि मुदत पाच वर्षांची असते. महाविद्यालयाच्या काळात याच खुर्चीला प्राचार्य म्हणत.

९. सिनेट म्हणजे अधिसभाच ना? मग पदवीधरांची निवडणूक का होत नाही?

शब्द एकच असल्याने हा घोटाळा होतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खालील विद्यापीठांत सिनेट म्हणजे अधिसभा. तिच्यात नोंदणीकृत पदवीधर, प्राचार्य, शिक्षक, संस्थाचालक निवडून येतात आणि तिच्या बैठकांच्या बातम्या छापून येतात. एनआयटीची सिनेट ही त्या विद्यापीठांतल्या विद्यापरिषदेसारखी निव्वळ शैक्षणिक संस्था आहे. संचालक तिचे अध्यक्ष, संस्थेतील सर्व प्राध्यापक तिचे सदस्य, आणि विज्ञान, अभियांत्रिकी व मानव्यविद्या या क्षेत्रांतून प्रत्येकी एक याप्रमाणे तीन बाहेरचे शिक्षणतज्ज्ञ. त्यांत एक महिला असावीच लागते.

अभ्यासक्रम, परीक्षापद्धती, श्रेयांक, पहिल्या वर्षानंतर शाखा बदलण्याचे निकष, नापास झालेल्याला किती संधी द्यायच्या, हे सारे सिनेट ठरवते. त्यामुळे सुरतच्या एनआयटीत शाखाबदलाचा जो नियम आहे तो नागपुरात असेलच असे नाही. सिनेटने केलेले अध्यादेश नियामक मंडळापुढे जातात आणि मंडळ ते बदलू किंवा रद्द करू शकते. संस्थेचे परिनियम (पहिले २००९ चे) ही याहून वरची पायरी. त्यांना व्हिजिटरची संमती लागते.

१०. माझे काम कोणाकडे जाते: विभागप्रमुख, अधिष्ठाता, कुलसचिव की संचालक?

हजेरी, प्रकल्प आणि मार्गदर्शक यांविषयी आधी विभागप्रमुखांकडे जावे. गुणपत्रक, नोंदणी, परीक्षा आणि अभ्यासक्रम शैक्षणिक अधिष्ठात्यांकडे येतात. वसतिगृह, मेस, शिष्यवृत्ती आणि विद्यार्थी उपक्रम विद्यार्थी कल्याण अधिष्ठात्यांकडे. संशोधन व सल्लासेवा, नियोजन व विकास, अध्यापक कल्याण यांसाठी वेगळे अधिष्ठाते असतात. कुलसचिव हे दप्तर, मोहोर आणि मालमत्ता यांचे राखणदार असून नियामक मंडळ व सिनेट यांचे सचिव म्हणून काम पाहतात. सेवाविषयक कागद आणि न्यायालयीन नोटिसा त्यांच्याकडे जातात. अर्ज थेट संचालकांच्या नावाने लिहून नेला तरी तो खाली विभागाकडे शेऱ्यासाठी येतोच. म्हणून आधी विभागप्रमुखांची सही घेतलेला अर्ज लवकर हलतो.

११. मग राज्य शासनाचा या संस्थेवर काहीच अधिकार नाही का?

नियामक मंडळावरील दोन सदस्य (प्रश्न ८) सोडले तर जवळपास नाही. मुंबईतील तंत्रशिक्षण संचालनालय तिच्या प्रवेशात किंवा शुल्कात लक्ष घालू शकत नाही, आणि राज्याची शुल्क नियामक यंत्रणाही तिला लागू नाही. पाणी, पोलीस, महापालिकेच्या बांधकाम परवानग्या यांसाठी स्थानिक प्रशासनाशी संबंध येतो, तेवढाच. आमदारांचे शिफारसपत्र घेऊन येणाऱ्या पालकांना हे नम्रपणे सांगावे लागते.

१२. पैसा कुठून येतो आणि शिकवणी शुल्क किती?

मुख्य स्रोत केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे अनुदान. त्याखेरीज शुल्क, संशोधन प्रकल्प, सल्लासेवा आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या असतात. मोठ्या इमारतींसाठी २०१७ पासून उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्थेकडून, म्हणजे हेफाकडून, कर्जही घेता येते. हिशेबांची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात आणि तपासलेले हिशेब संसदेपुढे ठेवले जातात.

बी.टेक.चे शिकवणी शुल्क २०१६ मध्ये वर्षाला १,२५,००० रुपये करण्यात आले. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ आहे. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असणाऱ्यांनाही पूर्ण, आणि एक ते पाच लाखांमध्ये असणाऱ्यांना दोन तृतीयांश माफी आहे. माफी फक्त शिकवणी शुल्काची असते. वसतिगृह आणि मेस यांचा खर्च वेगळा धरावा.

१३. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) मान्यतेचे पत्र सापडत नाही. पदवी चालेल ना?

चालेल. संसदेच्या कायद्याने पदवी देण्याचा अधिकार मिळालेल्या संस्थेला ती मान्यता घ्यावी लागत नाही. नोकरीच्या किंवा परदेशी विद्यापीठाच्या अर्जात मान्यतेचा पुरावा मागितला, तर २००७ च्या अधिनियमाचा आणि त्याच्या अनुसूचीतील नोंदीचा उल्लेख करावा.

१४. एमएचटी-सीईटीच्या गुणांवर व्हीएनआयटीत प्रवेश मिळतो का? जेईई ॲडव्हान्स्ड लागते का?

दोन्हींची उत्तरे नकारार्थी आहेत. प्रवेश जेईई मेनच्या क्रमांकावर होतो. पूर्वी प्रत्येक राज्य आपल्या वाट्याच्या जागांसाठी स्वतःची गुणवत्ता यादी लावून विद्यार्थी पाठवीत असे. २००२ मध्ये एआयईईई सुरू झाली आणि २०१३ मध्ये तिची जागा जेईई मेनने घेतली. २०१५ पासून आयआयटी व एनआयटींचे जागावाटप ‘जोसा’ या एकाच फेरीतंत्रातून होते आणि उरलेल्या जागांसाठी ‘सीसॅब’च्या विशेष फेऱ्या असतात. राज्याच्या कॅप फेरीत व्हीएनआयटीचा कोड शोधत बसू नये. तो तिथे नसतो.

क्रमांकाबरोबर बारावीची अटही आहे: ७५ टक्के गुण, किंवा आपल्या मंडळात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी ही अट ६५ टक्के आहे. करोनाच्या काळात ती शिथिल केली होती. २०२३ पासून पुन्हा लागू झाली. ‘शिथिल आहे’ असे सांगणारे जुने व्हिडिओ अजून फिरत असतात, त्यांवर विसंबू नये.

वास्तुशास्त्रासाठी जेईई मेनचाच वेगळा पेपर, एम.टेक.साठी गेट, एमसीएसाठी निमसेट आणि एम.एस्सी.साठी जॅम हे मार्ग आहेत.

१५. आम्ही मूळचे महाराष्ट्राचे, डोमिसाईलही आहे. तरी माझ्या मुलाला ‘होम स्टेट’ का धरले नाही?

सर्वांत अधिक प्रश्न याच मुद्द्यावर येतात, आणि बहुतेक वेळा वेळ निघून गेल्यावर येतात.

गृहराज्य अधिवासावरून, जन्मगावावरून, मातृभाषेवरून किंवा आईवडिलांच्या रेशनकार्डावरून ठरत नाही. विद्यार्थ्याने बारावी किंवा समकक्ष परीक्षा ज्या राज्यातील शाळेतून दिली, ते त्याचे गृहराज्य. अर्जात ‘बारावी ज्या राज्यातून उत्तीर्ण झालात किंवा देणार आहात ते राज्य’ अशा अर्थाचा एक छोटासा रकाना असतो. तो भरताना घरचा पत्ता नव्हे, शाळेचा पत्ता डोळ्यांसमोर हवा. मंडळ सीबीएसई आहे की राज्याचे, याने फरक पडत नाही.

लातूरच्या मुलाने कोट्याला राहून तिथल्याच शाळेत नाव घालून बारावी दिली, तर त्याचे गृहराज्य राजस्थान. जयपूरच्या एनआयटीत तो घरचा आणि नागपुरात बाहेरचा. तोच मुलगा कोट्याला शिकवणीला राहिला, पण शाळेतले नाव लातूरचेच असेल आणि परीक्षाही लातूरहून दिली असेल, तर तो महाराष्ट्राचाच. निपाणीच्या मराठी घरातील मुलगी निपाणीतच बारावी झाली, तर तिचा गृहराज्याचा हक्क सुरतकलला आहे. उलटपक्षी, उत्तर प्रदेशातील सैनिकाची मुलगी देवळालीच्या केंद्रीय विद्यालयातून बारावी झाली, तर डोमिसाईल नसतानाही ती नागपुरात गृहराज्याची उमेदवार ठरते. हे काहींना अन्यायाचे वाटते. पण भाषा आणि वंशावळ तपासत बसण्यापेक्षा शाळेचा दाखला पाहणे देशपातळीवर निश्चितच सोपे आहे.

प्रत्येक एनआयटीत निम्म्या जागा गृहराज्याच्या आणि निम्म्या इतर राज्यांच्या असतात. तेव्हा मुलाचे नाव अकरावीत परराज्यात घालण्यापूर्वीच हा हिशेब करावा. बारावी झाल्यावर तो बदलता येत नाही.

१६. बारावी पुन्हा दिली, मुक्त विद्यालयातून दिली किंवा परदेशात दिली, तर गृहराज्य कोणते?

एकदा उत्तीर्ण होऊन गुणवाढीसाठी दुसऱ्या राज्यातून परीक्षा दिली, तर पहिल्यांदा जिथून उत्तीर्ण झाला तेच राज्य कायम राहते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून परीक्षा दिली असेल, तर अभ्यासकेंद्र ज्या राज्यात आहे ते राज्य. भारतीय नागरिकाने परदेशात बारावी केली असेल, तर पारपत्रावरील कायमच्या पत्त्याचे राज्य. संपूर्ण यादीत पत्ता विचारात घेतला जातो तो एवढ्याच गटासाठी. परदेशी नागरिक आणि अनिवासी भारतीय यांच्यासाठी ‘डासा’ नावाची स्वतंत्र प्रवेशवाट आहे; तिच्या जागा वेगळ्या आणि शुल्कही बरेच अधिक असते.

१७. माझ्याकडे एनटी, व्हीजे, एसबीसी किंवा एसईबीसीचा दाखला आहे. आरक्षण मिळेल का?

हे प्रवर्ग राज्याचे आहेत आणि केंद्रीय संस्थेत त्यांना त्या नावाने जागा नाहीत. तिथे अनुसूचित जातींना १५, अनुसूचित जमातींना ७.५, इतर मागासवर्गीयांना २७ आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के जागा असतात. दिव्यांगांचे ५ टक्के आरक्षण समांतर असते. २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागाही निर्माण केल्या आहेत.

भटक्या आणि विमुक्त प्रवर्गांतील बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. आपली जात त्या यादीत असेल तर ओबीसी म्हणून अर्ज करता येतो, पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते. सेतू केंद्रात मागताना ‘सेंट्रलचा नमुना’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर सवयीने राज्याचाच नमुना हातात पडतो आणि कागदपत्र पडताळणीत तो नाकारला जातो. प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाचे, म्हणजे त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचे हवे. एसईबीसीत असलेल्या पण केंद्राच्या कोणत्याही यादीत नसलेल्या उमेदवाराला, उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटींत बसत असल्यास, आर्थिक दुर्बल घटकाचे केंद्रीय प्रमाणपत्र काढता येते.

१८. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो का?

राज्यातील महाविद्यालयांत मिळतो तसा थेट द्वितीय वर्ष प्रवेश या जागावाटपात नाही. तीन वर्षांचा मान्यताप्राप्त डिप्लोमा ही जेईई मेनसाठी पात्रता परीक्षा मानली जाते, पण तिच्यावर मिळेल तो प्रवेश पहिल्या वर्षाचा. एक वर्ष गमवायचे की राज्यातल्या चांगल्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला जायचे, याचा निर्णय घ्यावा लागतो, आणि आमच्या मते बहुतेकांसाठी दुसरा पर्याय शहाणपणाचा आहे.

१९. माझी पदवी १९९४ ची, व्हीआरसीईची. आता मी व्हीएनआयटीचा पदवीधर असे लिहू शकतो का?

संस्था तीच असल्याने माजी विद्यार्थी म्हणून आपण तिचेच आहात. पदवी मात्र नागपूर विद्यापीठाची आहे आणि संस्थेचे नाव बदलले म्हणून ती बदलत नाही. अधिकृत अर्जात ‘विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय (आताची व्हीएनआयटी), नागपूर विद्यापीठ’ असे लिहावे. पदवी प्रमाणपत्राची दुसरी प्रत किंवा पडताळणी हवी असल्यास विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो. तिथेही नाव बदलले आहे: २००५ पासून ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आहे. परदेशी पडताळणी कंपन्यांना ही दुहेरी नावबदलाची गोष्ट समजत नाही आणि त्या दोन्हीकडून ‘नोंद सापडत नाही’ असा शेरा आणतात. म्हणून अर्जासोबत दोन्ही बदलांची एक ओळीची टीप आधीच जोडावी.

२०. संस्थेकडून उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरता येतो का? अपील कुठे करायचे?

येतो. संस्था सार्वजनिक प्राधिकरण आहे, तिच्यात जनमाहिती अधिकारी नेमलेला असतो आणि अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास पहिले अपील संस्थेतीलच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत करावे. चूक होते ती दुसऱ्या अपिलात. राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ नागपुरातच असल्याने अनेक जण कागद तिथे नेऊन देतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी ते ‘अधिकारक्षेत्राबाहेर’ म्हणून परत येतात. तोवर नव्वद दिवसांची मुदत सरत आलेली असते. संस्था केंद्राची असल्याने दुसरे अपील नवी दिल्लीतील केंद्रीय माहिती आयोगाकडेच जाते, आणि ते ऑनलाइन करता येते.